सायलेन्सरचे भोक

मोटारगाडी हा विषय या सदरात कधी येईल असे आम्हाला वाटले नव्हते. आम्ही स्वतः आजही घरापासून कल्याण स्टेशनपर्यंत पायी जाणारे आणि पुढे लोकलच्या दांडीला लटकणारे. पण आता आपल्या चाळींतून, वसाहतींतून जुन्या चारचाकी गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. कुणी भाडी मारतो, कुणी भाजी आणतो, कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यावे लागते. गाडी घेण्यापुरते पैसे कसेबसे उभे राहतात. ती सांभाळायची कशी, हे मात्र गाडीबरोबर कुणी देत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात जे घडले ते येथे सविस्तर सांगत आहोत. वाचकांनी कंटाळा करू नये.

आमच्या दाजींकडे २००९ सालची मारुती ८०० आहे. सेकंडहँड घेतलेली. पंधरा वर्षे भरली तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे कंपनीने बनवणे सोडून इतकी वर्षे झाली तरी आपल्यासारख्यांच्या दारात ती अजून उभी आहे. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. गरिबाला झेपेल अशी गाडी.

तर जुन्नरकडे एका नातलगाच्या घरी बारसे होते. परत येताना गाडीत पुढे दाजी आणि भाचा, मागे आम्ही, आमची आई आणि ताई. माळशेज घाटात मुसळधार पाऊस, धुके असे की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. काचा बंद. त्यातच पुढे दरडीचे दगड रस्त्यावर आल्यामुळे वाहतूक अडकली. अर्धा-पाऊण तास एका जागी उभे. काचेवर वाफ धरते म्हणून दाजींनी इंजिन आणि ब्लोअर चालूच ठेवला होता.

प्रथम ताई म्हणाली, डोके जड झाले. मग तिला उलटी झाली. आम्ही म्हटले, घाट आहे, गाडी लागली. आमचेही कपाळ ठणकत होते, पण ते आम्ही बारशाच्या जागरणावर घातले. आई गप्प झाली, तिला झोप लागली. पुढे बसलेल्या दोघांना मात्र फारसे काही होत नव्हते. घाट उतरल्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. बाहेर उभे राहिलो तशी ताईला हुशारी वाटू लागली. आई गाडीतून उतरली नाही, 'मला झोपू द्या' म्हणाली. पुन्हा गाडीत बसलो आणि वीस मिनिटांत पुन्हा तेच. मुरबाड आले तेव्हा आईला हाक मारली तर ती नीट ओ देईना.

मुरबाडला एका दवाखान्यात नेले. आमच्या पिशवीत करोनाच्या काळात घेतलेले ते बोटाला लावायचे यंत्र होते, ते लावले तर आकडा ९८. आम्ही डॉक्टरांना अभिमानाने सांगितले की ऑक्सिजन चांगला आहे. डॉक्टरांनी त्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'तुमच्यापैकी आणखी कुणाचे डोके दुखते आहे का?' आम्ही दोघांनी हात वर केले. तसे त्यांनी आईला ताबडतोब ऑक्सिजन लावला आणि म्हणाले, 'गाडीचा धूर आत येतोय तुमच्या. नशीब समजा, इथे थांबलात.'

धूर म्हणजे काळा, डोळ्यांना झोंबणारा, अशी आपली समजूत असते. हा वायू तसा नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पेट्रोल अर्धवट जळले की तो तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. म्हणजे गाडीतील सीट ज्याने अडवली तो उठतच नाही आणि खरा प्रवासी फलाटावरच राहतो. आणि ते बोटाचे यंत्र? ते रक्ताच्या लाल रंगावरून हिशेब करते. या वायूने अडवलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते, म्हणून साधे यंत्र त्यालाही प्राणवायूच समजून चांगला आकडा दाखवते. आम्ही उभी हयात जमाखर्च लिहिण्यात घालवली. खोटी नोंद खऱ्या रकान्यात पडली तर बेरीज बरोबर येते आणि तिजोरी मात्र रिकामी असते, हे आम्हाला तरी कळायला हवे होते!

साध्या हवेत राहिले तर रक्तातील निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, भरपूर प्राणवायू दिला तर तास-दीड तास. आई संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली आणि पहिले वाक्य बोलली ते, 'बारशाच्या घुगऱ्या कुठे ठेवल्या?' तेव्हा आमचा जीव खाली पडला.

पुढच्या दोघांना त्रास का झाला नाही? दाजींना तंबाखू थुंकण्याची सवय आहे, म्हणून पावसातही त्यांची काच चार बोटे उघडी होती. तंबाखूने कुणाचे भले झाल्याचे आमच्या माहितीतील हे एकमेव उदाहरण. ते दाजींना सांगू नये अशी वाचकांना विनंती.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांनी गाडी वर घेतली. मागच्या सायलेन्सरला वरच्या बाजूने, म्हणजे खाली वाकून पाहिले तरी दिसणार नाही अशा ठिकाणी, रुपयाएवढे भोक पडले होते. मागच्या सीटखालचे रबरी मॅट उचलले तर तेथे गाडीचा पत्राही गंजून जाळी झालेला. एका भोकातून निघाले ते दुसऱ्या भोकातून थेट आईच्या पायाशी. शिवाय ऑक्सिजन सेन्सर निकामी झाल्यामुळे इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होते, प्लग काजळीने काळे झाले होते. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की हा विषारी वायू वाढतो आणि तो जाळून टाकणाऱ्या कॅटलाही प्राणवायू पुरत नाही. दाजींच्या खिशात पीयूसीचा कागद होता. नळी सायलेन्सरात घातल्याचे मात्र त्यांना आठवत नव्हते. कागद मिळाला म्हणजे काम झाले, ही सवय आमच्या कचेरीपुरतीच आहे असे आम्ही समजत होतो.

सायलेन्सर आतून का गंजतो हे चाचांनी सांगितले ते आम्हाला नवे होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पळाली तर पाईप तापतो आणि वाफ निघून जाते. दाजींची गाडी रोज घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून घर, दोन किलोमीटर. पाईप तापायच्या आत गाडी बंद. पाणी सायलेन्सरच्या पोटात साचते आणि पत्रा खात राहते. गाडी कमी चालवली म्हणजे गाडी टिकते, असा आपला हिशेब. सायलेन्सरच्या बाबतीत तो उलटा आहे.

पत्र्याच्या भोकावर नवा पत्रा मारण्याचे आणि सेन्सर, प्लग बदलण्याचे काम चाचांनी केले. वेल्डिंग घरी करू नये, पेट्रोलची टाकी तेथे जवळच असते, हे त्यांनी बजावून सांगितले. सायलेन्सर मात्र आम्ही घरी बसवायचे ठरवले. एक तर पैसे वाचतात, दुसरे म्हणजे भाचा डिप्लोमाला मेकॅनिकलला आहे आणि त्याने अजून हाताला ग्रीस लावून घेतलेले नाही.

कंपनीचा सायलेन्सर महाग पडत होता, म्हणून रविवारी मामा-भाचे कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तेथे जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. भाच्याने वाटेतच मनातले सांगितले.

'मामा, स्पोर्ट्स सायलेन्सर घेऊ. फ्री फ्लो. गाडीला पिकअप येतो आणि आवाज असा येतो की लोक वळून बघतात.'

'कशासाठी बघतात?'

'बघतात म्हणजे... बघतात.'

तरुण पोरांना हसण्यात अर्थ नाही. वळून पाहावे असे आपल्याजवळ काही असावे, ही इच्छा आम्हालाही त्या वयात होती. आम्ही तेव्हा केसांचा भांग बदलला होता. पण सायलेन्सर आत काय करतो ते समजून घेतले तर या मोहाची किंमत कळते. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पंचाहत्तर स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा धक्का पाईपात येतो. सायलेन्सरच्या पोटात भोकांच्या नळ्या आणि पडदे असतात, काहींत काचेच्या तंतूंची लोकरही असते. धक्का एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या धक्क्याला भिडून मंदावतो. हे पडदे काढले की वायूला वाट मोकळी होते हे खरे. पण जेमतेम ३७ हॉर्सपॉवरच्या गाडीची ताकद त्याने वाढलीच तर पायाला कळणारही नाही इतकी. आवाज तेवढा सगळ्या आळीला कळतो.

आणि त्याला कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) नुसार आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्दबातल. आम्ही भाच्याला कलम सांगितले नाही. एवढेच विचारले की गेल्या वर्षी तू परीक्षेच्या वेळी अभ्यासिकेत बसायचास आणि रात्री दहाला तो फटाका सायलेन्सरवाला बुलेट घेऊन जायचा, तेव्हा तू त्याला काय म्हणायचास? भाचा हसला. तो जे म्हणायचा ते कौटुंबिक पानावर छापता येणार नाही.

पण खरी परीक्षा पुढच्या दुकानात होती, आणि ती भाच्याची नव्हे, आमची. दुकानदार गाडीचे वर्ष ऐकून म्हणाला, 'साहेब, गाडीतला जुना कॅट काढून आम्हाला द्या. त्याच्या जागी साधा पाईप लावून देतो. सायलेन्सर फुकट घेऊन जा, वर पैसे देतो.' आम्ही दोन मिनिटे गप्प उभे राहिलो, हे कबूल करतो. महिनाअखेर होती आणि आईच्या दवाखान्याचा खर्च नुकताच झाला होता.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपल्याकडे १९९५ सालापासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने तो निकामी होतो. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर. ते धातू सोन्याच्या पंगतीतले, म्हणून तर दुकानदाराला एवढी दया आली! चांगला तापला की हा डबा कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो, न जळलेले पेट्रोल जाळतो आणि नायट्रोजनच्या विषारी वायूंचा साधा नायट्रोजन करतो. म्हणजे ज्या वायूने आई मुरबाडला निपचित पडली होती, त्याच वायूला अडवणारा डबा आम्ही विकून सायलेन्सर घेणार होतो. फक्त आता तो वायू आमच्या गाडीत न येता मागे रिक्षात बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या आईला मिळाला असता. भाचा आमच्याकडे पाहत होता. आम्ही 'नको' म्हटले आणि पावणेदोन हजारांना मूळ मापाचा, मूळ धाटणीचा बिगरकंपनीचा सायलेन्सर घेतला. सोबत नवी गॅस्केट आणि रबरे. तो सायलेन्सर लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणला. एका कोळीणबाईने विचारले, 'तोफ कुठं नेता, दादा?'

आता बसवण्याविषयी. आदल्या रात्री आम्ही गंजलेल्या सर्व नटबोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना काम काढले. थंड म्हणजे हात ठेवता येईल इतके. कॅट तर गाडी बंद केल्यावरही बराच वेळ भाजतो.

येथे एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. भाच्याने गाडी जॅकवर उचलली आणि तो लगेच पाठीवर झोपून खाली सरकू लागला. आम्ही त्याचे पाय धरून ओढले. तो रागावला. 'मामा, जॅक मजबूत आहे!' जॅक मजबूत होताच. पण आमच्या अंगणातील फरशीखाली पावसाची माती आहे. आम्ही बोलत होतो तेवढ्यात फरशी एका बाजूला कलली आणि गाडी जागच्या जागी चार बोटे सरकून थांबली. भाचा पांढरा पडला. त्यानंतर गाडी गल्लीच्या सिमेंट रस्त्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले आणि चाचांकडून लोखंडी स्टँड आणून गाडीचे वजन त्यावर ठेवले. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा रचूनही चालत नाही. वीट न सांगता फुटते.

जुना सायलेन्सर काढायला दोन तास लागले. एक बोल्ट पान्याला दाद देईना, तो हॅकसॉने कापला. डोळ्यांना चष्मा हवा, कारण खाली झोपून काम करताना गंजाचा सगळा भुगा तोंडावर पडतो. सायलेन्सर ज्या रबरांवर लोंबतो ती ओढून निघत नाहीत. साबणाचे पाणी लावले की निमूट निघतात. ही युक्ती ताईची. बांगड्या काढण्याचा अनुभव असलेल्या माणसाला ती लगेच सुचते, आम्हा दोघा शिकलेल्यांना नाही.

नवा सायलेन्सर प्रथम रबरांवर नुसता टांगला. पुढचा जोड लावला, पण नट बोटानेच फिरवले. सर्व पाईप सरळ रेषेत आला, गाडीच्या पत्र्याला, ब्रेकच्या नळीला आणि हँडब्रेकच्या तारेला दोन बोटे अंतर राहिले, हे पाहिल्यावर मग पुढून मागे एकेक नट आवळत गेलो. आधीच एक नट घट्ट आवळला तर सगळा पाईप वाकडा बसतो आणि रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला खडखडतो. मागचे टोक गाडीच्या पत्र्याच्या बाहेर निघालेले असले पाहिजे. ते आत राहिले तर धूर गाडीखालीच घोटाळतो आणि फटीतून वर येतो.

आणि एवढे सगळे नीट केल्यावर आम्ही कारकुनी काटकसर केलीच. जुनी गॅस्केट बरी दिसते म्हणून तीच वापरली आणि नवी 'पुढच्या वेळेसाठी' ठेवली. गाडी सुरू केली तर जोडातून फुस्स् फुस्स्. भाच्याने जाड फडके घेऊन मागच्या नळीचे तोंड क्षणभर दाबले तसा आवाज मोठा झाला. आतला दाब वाढला की गळती बोलू लागते. पुन्हा गाडी थंड होईपर्यंत थांबा, पुन्हा खाली झोपा, नवी गॅस्केट घाला. ज्या गॅस्केटने दुपार खाल्ली तिची किंमत दोन कटिंग चहाएवढी होती. दुसऱ्या खेपेस फडके दाबले तर मागे फक्त हाताला दाब लागला, जोडातून काही नाही. सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर निघाला. नव्या पत्र्याला लावलेले तेल जळते, पाच-दहा मिनिटांत ते थांबते. ही सगळी चाचणी उघड्या रस्त्यावर करायची, बंद गॅरेजात किंवा शेडमध्ये कधीही नाही. शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात, तेही भाच्याने केले.

नंतर दाजींना घेऊन पीयूसी केंद्रावर गेलो आणि उभे राहून नळी सायलेन्सरात घालायला लावली. त्या काळच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्धा टक्का आहे. आकडा त्याच्या बराच खाली आला. दाजींनी तो कागद घडी न घालता घरी आणला.

दिवाळीनंतर पुन्हा जुन्नरला जाणे झाले. गाडीचा आवाज इतका कमी की घाटात धबधब्याच्या जागी उरलेले पाणी ऐकू येत होते. भाचा म्हणाला, 'मामा, कुणीच वळून बघितलं नाही.' आई आता पुढच्या सीटवर बसते. तिला आम्ही सगळे समजावून सांगितले, भोक बुजले, सायलेन्सर नवा आहे, आकडाही दाखवला. तिने ऐकून घेतले आणि काच चार बोटे खाली केली.